जागलीची बॅटरी

बॅटरी घ्यायला गेलेला माणूस दुकानात आधी एकच प्रश्न विचारतो, "लांब किती मारते?" देवळी असो की आर्वी, हिंगणघाट असो की समुद्रपूर, प्रश्न हाच. दुकानदारही खोक्यावरचा आकडा पुढे करतो: पाचशे मीटर, एक किलोमीटर. ज्याचं वावर अडीच एकर आहे त्याला किलोमीटरभर उजेड कशाला, हे ना गिऱ्हाईक विचारतं ना दुकानदार. अडीच एकर म्हणजे साधारण एक हेक्टर. चौकोनी वावर धरलं तर या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत शंभर मीटर. उरलेला नऊशे मीटर उजेड दुसऱ्यांच्या वावरात जाऊन पडणार. लांबीचा हा हव्यास राखणदाराचा नाही, तो शिकाऱ्याच्या गरजेतून आला आहे. शिकाऱ्याची बॅटरी आणि जागलीची बॅटरी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला दुसरी हवी असते, पण त्याच्या गळ्यात बहुतेक वेळा पहिली पडते.

शिकाऱ्याची बॅटरी कशी असते, हे ब्रिटनकडे पाहिलं की नीट कळतं. तिथे कोकरांच्या राखणीसाठी रात्री कुरणात लाल खोकड मारणं, नियम पाळून, कायदेशीर आहे. त्यासाठी रायफलच्या दुर्बिणीवर किंवा नळीला बसवायच्या एलईडी बॅटऱ्या मिळतात. त्यांचा झोत अरुंद आणि टोकदार असतो, कारण लक्ष्य शंभर-दोनशे मीटरवर असतं. झोताच्या भोवतीचा पसरट उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो. तो जास्त असला तर बंदुकीची नळी आणि समोरचं गवतच उजळून निघतं आणि दुर्बिणीतून पुढचं दिसत नाही. पांढऱ्याऐवजी लाल किंवा हिरवा प्रकाश वापरतात, कारण बहुतेक सस्तन प्राण्यांच्या डोळ्याला लाल रंग फारसा जाणवत नाही. बटण वायरने बंदुकीच्या दांड्यापाशी आणलेलं असतं, म्हणजे पकड न सोडता दिवा लावता येतो. अलीकडे तर अंगाच्या उष्णतेवरून जनावर दाखवणाऱ्या दुर्बिणी आल्या आणि पुष्कळांनी बॅटरी बाजूलाच ठेवली. त्या कामासाठी ही सगळी रचना बरोबर आहे. जागलीच्या कामासाठी यातली जवळपास प्रत्येक गोष्ट उलटी हवी.

आपल्याकडे खोकड मारण्याचं काम मुळात करता येत नाही. वर्ध्याच्या माळरानावर, पडीक रानात दिसणारं खोकड आणि गावाकडे कुई करणारा कोल्हा, दोघांनाही वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. १९७२ साली हा कायदा झाला तेव्हा परवान्याने शिकार करता येत होती. तरीही मोठ्या जनावरांची शिकार रात्री किंवा कृत्रिम उजेडात करण्यावर त्यात बंधन घातलेलं होतं. कायदा लिहिणाऱ्यांना डोळे दिपलेल्या जनावरावर गोळी झाडण्यात मर्दुमकी दिसली नव्हती, असं म्हणायला हरकत नाही. १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकारच संपली. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिच्यात अनुसूचींची मांडणी बदलली, पण खोकडाला बंदुकीसमोर कोणी उभं केलं नाही. रोही आणि रानडुक्कर यांच्यामुळे होणारं पिकाचं नुकसान मोठं आहे, म्हणून महाराष्ट्रात वनखात्याची परवानगी काढून, अटी पाळून त्यांना मारण्याची वाट ठेवलेली आहे. पण ती वाट अर्ज, परवानगी आणि परवानाधारक बंदूक अशी जाते. शस्त्र कायद्यात पीकराखणीसाठी सोय आहे ती ठासणीच्या भरमार बंदुकीची. दुर्बीण लावलेली रायफल शेतकऱ्याच्या खांद्यावर असेल, हे कायद्याने गृहीत धरलेलं नाही. शिवाय खोकड मारून शेतकऱ्याचा फायदा तरी काय? दोन-तीन किलोचं ते जनावर उंदीर, टोळ, वाळवी आणि बोरं खाऊन जगतं. गव्हातल्या उंदरांशी फुकटात झुंजणारा दुसरा गडी कुठून आणायचा?

आता डोळ्यांकडे येऊ, कारण खरा फरक तिथे आहे. रात्रीच्या शिकारीचं सगळं तंत्र चमकणाऱ्या डोळ्यांवर उभं आहे. कोल्हा, खोकड, मांजर, बिबट्या, वाघ, रोही, हरीण, गाय, बकरी या सगळ्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. आत शिरलेला उजेड तो परत फेकतो, म्हणून अंधारात दोन ठिपके पेटल्यासारखे दिसतात. लांब मारणारी बॅटरी शिकाऱ्याला प्रिय असते ती यासाठीच. जनावर दिसलं नाही तरी ठिपके दिसतात. पण हा थर डुकराच्या डोळ्यात नसतो. वर्धा जिल्ह्यात शेतकऱ्याची झोप ज्याने उडवली आहे ते रानडुक्कर बॅटरीच्या झोतात चमकतच नाही. किलोमीटरभर झोत फिरवून "काही नाही" म्हणून माणूस माळ्यावर परत चढतो आणि कळप तुरीच्या ओळीत मजेत उकरत असतो. दुसरी बाजू याहून गंभीर आहे. तसाच थर माणसाच्या डोळ्यातही नसतो. म्हणजे रात्रीच्या वावरात न चमकणाऱ्या मोठ्या आकृत्या दोनच प्रकारच्या: एक रानडुक्कर, दुसरा ओलिताला आलेला, दांडाचं तोंड फोडायला खाली वाकलेला माणूस. आणि ज्यांचे डोळे चमकतात त्यांच्यात आर्वी-कारंज्याकडच्या गवळ्यांची चुकलेली गौळाऊ गायही आलीच. ठिपक्यांवरून जनावर ओळखता येतं असं सांगणारे पुष्कळ भेटतात. रंग, उंची, दोन ठिपक्यांतलं अंतर यावरून अंदाज बांधता येतो हे खरं आहे. पण तो अंदाजच. ठिपक्यांचा रंग तर उजेडाच्या आणि नजरेच्या कोनाप्रमाणे बदलतो.

यावर कोणी म्हणेल, परवानगी काढून डुक्कर मारायला जो परवानाधारक येतो, त्याला तरी बंदुकीवर बॅटरी लावू द्या, दोन्ही हात मोकळे राहतील. सोय आहे, यात शंका नाही. पण बॅटरी नळीला बांधली की जिकडे पाहायचं तिकडे नळी रोखूनच पाहावं लागतं. "तिकडे काय हललं?" या शंकेचं उत्तर शोधताना बंदूक आधीच त्या दिशेला वळलेली असते, आणि बोट घोड्यापासून दूर नसतं. जिथे ही शिकार रीतसर चालते तिथेही शहाणे लोक शोधायचा दिवा वेगळा ठेवतात आणि तो दुसऱ्याच्या हातात देतात. ओळख पटल्यावरच बंदूक उचलतात. आपल्या भागात तर रात्रीच्या गोळीबाराचा अनुभव तज्ज्ञांच्या मोहिमांतही वादाचाच ठरला आहे. वर्धा नदीच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात राळेगावच्या बोराटी परिसरात, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री टी-१ ही वाघीण गोळीने मारली गेली, आणि कारवाई रात्री का केली हा प्रश्न त्यानंतर कितीतरी दिवस गाजत राहिला. सरकारी आदेश, पथक आणि वाहनं असताना जर हे होत असेल, तर एकट्या माणसाच्या नळीवरच्या दिव्याची काय कथा.

न ओळखता मारणाऱ्या साधनाचं सर्वांत वाईट उदाहरण मात्र बंदूक नाही, तर तार आहे. ब्रह्मपुरीकडून पकडून बोरच्या जंगलात सोडलेली एक वाघीण ऑक्टोबर २०१७ मध्ये कारंजा (घाडगे) भागात, शेताला लावलेल्या विजेच्या तारेला चिकटून मेली. तिला गोळी घालण्याचे आदेश निघालेले होते, पथकं मागावर होती, आणि शेवटी तिला मारलं ते डुकरांसाठी सोडलेल्या करंटने. तार कोणाला ओळखत नाही. तिला डुक्कर, वाघ, शेजाऱ्याचा बैल आणि मालकाचा पोरगा सारखेच. अशा तारा सोडणारे सगळे निर्दय असतात असं नव्हे. रात्रभर जागूनही पीक वाचत नाही तेव्हा माणूस तिथपर्यंत येतो. म्हणूनच चांगल्या बॅटरीचा विचार किरकोळ नाही. जागल नीट करता आली, तर तारेचा मोह तेवढा कमी होईल.

मग जागलीच्या बॅटरीचं पहिलं काम काय? समोरचं दूरचं दाखवणं नव्हे, तर पुढचं पाऊल दाखवणं. शेतीपंपाची थ्री-फेज वीज आळीपाळीने मिळते. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला अंधारातच जावं लागतं. "दिवसा वीज द्या" ही मागणी त्यातूनच आलेली आहे. जागलीला जाणारा आणि ओलिताला जाणारा अनेकदा एकच माणूस असतो. त्याला धुऱ्यावरच्या गवतात वाघ भेटण्याची शक्यता असते, पण नाग, मण्यार, घोणस भेटण्याची शक्यता कितीतरी जास्त. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८ हजार माणसं गेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतले बहुतेक खेड्यातले, आणि निम्म्याच्या आसपास मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. इथे किलोमीटरचा झोत कुचकामी ठरतो. अरुंद झोत पायाशी टाकला तर ताटलीएवढा झगझगीत गोल पडतो, डोळे त्या गोलाला सरावतात आणि गोलाबाहेरचं सगळं पार काळं होतं. घोणस त्या काळ्यातच असते. पायवाटेसाठी पसरट, मऊ, शंभर-दीडशे ल्युमेनचा उजेड पुरतो. तो पावलापुढे चार-पाच मीटर आणि दोन्ही बाजूंना हातभर पडला पाहिजे.

उजेडाचा रंगही यात येतो. दुकानातल्या बहुतेक स्वस्त एलईडी निळसर पांढऱ्या असतात, कारण तेवढ्याच विजेत त्या जास्त ल्युमेन देतात आणि नुसत्या डोळ्याला भक्क वाटतात. पण त्यांत तांबड्या-पिवळ्या छटा मरतात. वाळलेला पालापाचोळा, काळी माती आणि घोणशीच्या अंगावरचे तपकिरी गोल ठिपके एकाच राखाडीत मिसळतात. थोडा उबदार, चार ते पाच हजार केल्विनचा आणि रंग खरे दाखवणारा दिवा इथे जास्त कामाचा, भले आकडा कमी असो. बॅटरी धरायची कुठे, यालाही महत्त्व आहे. डोक्याला बांधलेली बॅटरी हात मोकळे ठेवते, म्हणून ती आता गावोगाव दिसते. पण तिचा उजेड नजरेच्याच रेषेत जातो, त्यामुळे समोरच्या वस्तूची सावली तिच्यामागे लपते आणि जमीन सपाट दिसते. तोच दिवा कमरेच्या उंचीवर धरला की ढेकूळ, काडी, वेटोळं घातलेला साप, प्रत्येकाची आडवी सावली पडते आणि आकार उठून दिसतो. थंडीच्या पहाटे धुक्यात तर डोक्यावरची बॅटरी समोर पांढरी भिंत उभी करते, कारण धुक्याच्या थेंबांवरून परतलेला उजेड सरळ डोळ्यांत येतो. तेव्हा ती काढून हातात, खाली धरावी.

लांबचं अजिबात नको का? हवं, पण किती लांब ते वावराच्या मापाने ठरवावं, आणि खोक्यावरचा आकडा कसा काढतात ते ठाऊक असावं. कंपन्या जे मानक वापरतात त्यानुसार झोताची लांबी म्हणजे असं अंतर, जिथे उजेड उतरत उतरत पाव लक्सवर येतो. पाव लक्स म्हणजे स्वच्छ पुनवेचं चांदणं. चांदण्यात दोनशे मीटरवरचं झुडूप आणि बसलेला माणूस यांत फरक करता येतो का, याचं उत्तर कोणताही जागल्या देईल. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, म्हणून ओळख पटेल असं अंतर छापील आकड्याच्या निम्म्यापेक्षाही कमी धरावं. झोताची तीव्रता कँडेलात मोजतात. दहा हजार कँडेलाच्या बॅटरीची छापील लांबी दोनशे मीटर येते. पन्नास मीटरवर ती चार लक्स उजेड देते, वीस मीटरवर पंचवीस. आपल्या शंभर मीटरच्या वावराला मधल्या माळ्यावरून पाहायचं तर पन्नास मीटर पुरतात, म्हणजे एवढी बॅटरी झाली. लांबी दुप्पट हवी असेल तर कँडेला चौपट लागतात. किलोमीटरसाठी अडीच लाख कँडेला. एवढं एका छोट्या दिव्यातून काढायचं तर झोत सुईसारखा करावा लागतो, आणि सुईने वावर पाहता येत नाही. पुढची काच मागेपुढे सरकवून झोत बारीक-मोठा करायच्या बॅटऱ्या यावर उतारा वाटतात. पण बारीक केल्यावर त्यांचा बराच उजेड आतच अडतो, आणि सरकत्या जोडातून पाणी शिरण्याची भीती कायम राहते. पहिल्या पावसात त्यांतल्या कितीतरी बंद पडतात.

दुसरी फसवणूक सेलची आहे, आणि ती साध्या गुणाकाराने उघडी पडते. आजच्या बहुतेक चांगल्या बॅटऱ्यांत १८६५० नावाचा लिथियम सेल असतो: अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट लांब. आजच्या तंत्राने त्यात साडेतीन हजार मिलीअँपिअर-तासांच्या आसपास वीज मावते. वेष्टनावर ९९०० छापलेला सेल खोटा समजावा, मग तो कोणत्याही रंगाचा असो. साडेतीन अँपिअर-तास गुणिले सुमारे ३.६ व्होल्ट म्हणजे साडेबारा वॅट-तास. बरी एलईडी एका वॅटमागे शंभर-सव्वाशे ल्युमेन देते. तेव्हा एक हजार ल्युमेनची बॅटरी अशा एका सेलवर सव्वा ते दीड तास चालेल, तीही तापून आपोआप मंद झाली नाही तर. शंभर ल्युमेनवर तोच सेल बारा तास, म्हणजे पूर्ण रात्र काढतो. खोक्यावर दहा हजार ल्युमेन आणि दहा तास हे दोन्ही एकत्र छापलेले दिसले, तर त्यातला एक आकडा नक्की खोटा आहे, बहुतेक वेळा दोन्ही. जुन्या जाडजूड बॅटऱ्यांत शिशाचा सेल असतो. तो स्वस्त आहे आणि गावात दुरुस्त होतो, हा त्याचा मोठा गुण. पण उतरलेला तसाच ठेवला की आत क्षार धरतो आणि कायमचा मरतो. हंगाम संपल्यावर खुंटीला टांगलेली बॅटरी पुढच्या सोयाबीनला लागत नाही, ती यामुळेच.

वर्ध्याला हा हिशेब परका नाही. १९३४ साली मगनवाडीत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पांच्या त्या संघाने रॉकेलच्या कंदिलाऐवजी वनस्पती तेलावर जळणारा 'मगनदीप' पुढे आणला. त्याचा उजेड आजच्या कोणत्याही एलईडीपुढे केविलवाणाच म्हणायचा. पण किती झगझगीत याआधी तो कशासाठी, इंधन कुठून येणार आणि बिघडला तर कोण सुधारणार, हे प्रश्न त्या दिव्यामागे होते. बॅटरी घेताना तेच विचारले तर गिऱ्हाईक फारसं फसणार नाही.

राहिला एक आक्षेप, आणि तो शेतकऱ्याकडूनच येतो: भक्क झोत डोळ्यांत मारला की जनावर पळतं, मग जास्त ताकदीची बॅटरी का नको? पळतं, हे खरं आहे. नवा उजेड, नवा आवाज, नवा वास, यांतल्या कशानेही पहिल्या काही रात्री जनावर बिचकतं. मग ते सरावतं. धुऱ्यावर लावलेल्या लुकलुकत्या दिव्यांचं असंच होतं, बुजगावण्याचं तर पिढ्यान्‌पिढ्या होत आलं आहे. जनावर खरं हटतं ते उजेडामागे माणूस आहे हे त्याला कळलं की, म्हणजे उजेड हलला, जागा बदलली, सोबत हाक आली की. त्याला हजारो ल्युमेन लागत नाहीत. उलट भक्क उजेडाने माणूसच आंधळा होतो. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एका झोताने ती कमाई जाते. म्हणून माळ्यावर बसताना मंद, शक्य तर लाल उजेड ठेवावा. शेजारच्या वावरातल्या जागल्याच्या तोंडावर झोत टाकू नये, तो पुढची काही मिनिटं धड चालू शकत नाही. आणि वाघ-बिबट्याच्या भागात, बोरच्या कडेच्या गावांत, एकट्याने मोठी बॅटरी घेऊन शोधत फिरण्यापेक्षा दोघांनी बोलत जाणं बरं.

पैसे मोजके असतील तर एका महागड्या लांबपल्ल्याच्या बॅटरीऐवजी दोन साध्या घ्याव्यात. एक पायापुरती, पसरट, रात्रभर चालणारी. दुसरी दीडशे-दोनशे मीटर छापील लांबीची, क्षणभर लावून ओळख पटवायची. दोन्हींत एकाच मापाचा सेल असावा, म्हणजे एकीचा उतरला तर दुसरीचा घालता येतो. पाण्यासाठी आयपीएक्स ७ असं लिहिलेलं पाहावं. त्याचा अर्थ मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालेल, आणि दांडात हातून निसटलेली बॅटरी एवढ्याने वाचते. बटण बोटांना अंधारात सापडेल असं आहे का, पहिल्या दाबात मंद उजेड लागतो की भक्क, हे दुकानातच डोळे मिटून पाहून घ्यावं. पहिल्याच दाबात भक्क उजेड आणि मग लुकलुक असा क्रम असेल तर दुसरी मागावी.